राग कुणावर, भीती कशाची?

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते इंग्रजीचे निवृत्त शिक्षक आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत आज ‘इंग्रजी भावदर्शक विशेषणे व त्यांपुढील शब्दयोगी अव्यये’ असं छापलं आहे. ते वाचून काही मंडळी पोहे घ्यायला बाहेर गेली, ती परत आलेली दिसत नाहीत. उरलेल्यांचा मी मनापासून आभारी आहे. चौतीस वर्षं इंदुरात इंग्रजी शिकवलं. तासाला मुलं उठून जाऊ शकत नव्हती. तुम्ही जाऊ शकता आणि तरी बसला आहात, याचं मोल मला कळतं.

आपल्या चिटणीसांनी मला विचारलं होतं, “सर, गणपतीच्या मांडवात इंग्रजीचं व्याकरण कशाला? एखादा संतचरित्राचा विषय घ्या ना.” मी म्हटलं, आपापल्या घरात डोकावून बघा. नातू पुण्या-मुंबईलाही नाही, पार परदेशात. जावई पंजाबी, सून तमिळ. मराठी त्यांना येत नाही, आपलं हिंदी त्यांच्या गळी उतरत नाही. मग बोलायचं कशात? इंग्रजीत. पूर्वी आपण इंग्रजीत अर्ज लिहायचो, बँकेचा फॉर्म भरायचो. आता इंग्रजीत रुसतो, काळजी करतो, कौतुक करतो. अर्जात एखादं अव्यय चुकलं तर कारकून समजून घेतो. मनातलं सांगताना तेच अव्यय चुकलं, तर समोरचं माणूस दुखावतं. म्हणून हा विषय. मी दोन गोष्टी सांगणार आहे, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. दोन्हींत चूक माझीच आहे.

पहिली गोष्ट बरीच जुनी. सातवीचा वर्ग. ‘मला कशाची भीती वाटते’ यावर एकेक वाक्य सांगायचं होतं. मागच्या बाकावरचा एक मराठी मुलगा उठला. एरवी न बोलणारा. म्हणाला, “सर, आय ॲम अफ्रेड फ्रॉम डॉग्ज.” मी तरुण होतो, विनोदाची हौस होती. मी म्हटलं, “म्हणजे तू कुत्र्यांकडून आलास होय?” वर्ग खदखदून हसला. मुलगा खाली बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा माझ्या तासाला हात वर केला नाही.

अफ्रेडपुढे ‘ऑफ’ येतं, ‘फ्रॉम’ येत नाही, हे त्याला मी सांगितलं. पण त्याचा ‘फ्रॉम’ आला कुठून, हा प्रश्न मला स्वतःला पडायला पुढची कितीतरी वर्षं गेली. उत्तर शाळेच्या फाटकाबाहेरच होतं. गल्लीत खेळताना मुलं काय म्हणतात? “मुझे कुत्तों से डर लगता है.” त्या ‘से’चं इंग्रजी म्हणजे ‘फ्रॉम’. मुलाने चोख भाषांतर केलं होतं, फक्त ते हिंदीवरून केलं होतं. घरच्या मराठीवरून केलं असतं तर? “मला कुत्र्यांची भीती वाटते.” या ‘ची’चं इंग्रजी ‘ऑफ’. म्हणजे त्याच्या आईच्या भाषेत बरोबर उत्तर तयार होतं. मला ते तेव्हा दाखवता आलं नाही.

गंमत अशी, की तो मुलगा एका अर्थी थोर माणसाच्या पंगतीत बसला होता. संस्कृतात ज्याची भीती वाटते त्याची पंचमी होते. सर्पात् बिभेति. सापापासून भितो. पाणिनीने अष्टाध्यायीत त्यासाठी स्वतंत्र सूत्र केलं आहे. आणि खुद्द इंग्रजीत? आज आपण एका एफचा ‘ऑफ’ आणि दोन एफचा ‘ऑफ’ वेगळे मानतो. एक ‘चा-ची-चे’चा आणि दुसरा पंखा बंद करण्याचा. मुळात हे दोन्ही एकच शब्द होते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पासून, दूर’ असाच होता. म्हणजे ‘अफ्रेड ऑफ’मधला ‘ऑफ’ हा मुळातला ‘पासून’च. हजार वर्षांत इंग्रजांना त्याचा विसर पडला एवढंच. त्या मुलाने नकळत तो जुना अर्थ बाहेर काढला आणि मी त्याला हसलो.

पाणिनीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. भीतीला पंचमी सांगणारा हाच पाणिनी रागाला मात्र चतुर्थी सांगतो. पुत्राय क्रुध्यति. मुलावर रागावतो. राग, द्रोह, ईर्ष्या, असूया या अर्थाच्या धातूंच्या बाबतीत ज्याच्याविषयी कोप असतो त्याला चतुर्थी. म्हणजे कुठल्या भावनेला कुठली विभक्ती लागते, हा प्रश्न सातवीतल्या मुलांसाठी इंग्रजांनी मुद्दाम रचलेला छळ नाही. आपल्याकडे तो अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास नियमांत बसवला गेला. प्रत्येक भाषेला तो सोडवावा लागतो आणि प्रत्येक भाषा तो आपापल्या पद्धतीने सोडवते. एकीचं उत्तर दुसरीत जसंच्या तसं चालत नाही.

मराठीतच बघा ना. रागवायचं तर ‘वर’. भ्यायचं तर ‘ला’. कंटाळायचं तर ‘ला’, पण कंटाळा यायचा तर ‘चा’. भांडायचं तर ‘शी’. आदर वाटायचा तर ‘बद्दल’. रस घ्यायचा तर ‘त’. हे आपल्याला कुणी पाठ करून दिलं होतं का? नाही. आईच्या मांडीवर बसून कानावर पडलं. पण बाहेरून मराठी शिकणाऱ्या माणसाला विचारा; त्याला ते इंग्रजीइतकंच अवघड जातं. ‘आई मुलावर रागावली’ आणि ‘आई मुलाला रागावली’ या दोन वाक्यांत फरक आहे की नाही? पहिल्यात राग मनात आहे. कदाचित ती गप्प बसली असेल. दुसऱ्यात ती मुलाला बोलली आहे. एका प्रत्ययाने मनातला राग ओठावर आला. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता आपण इंदूरकर मराठी माणसं एका विचित्र जागी उभे आहोत. डोक्यात दोन भाषा, आणि दोघींच्या विभक्ती वेगळ्या. त्यामुळे आपलं इंग्रजीच नव्हे, मराठीही बदलतं. “तू माझ्यापासून नाराज आहेस का?” हे वाक्य मी आपल्याच घरांतून ऐकलं आहे. ‘मुझसे नाराज’चं ते मराठी. “मला तुझ्यावर गर्व आहे” हे तर बारशापासून निरोपसमारंभापर्यंत सगळीकडे. मराठीत गर्वाचं घर खाली असतं. मुलीने पदवी मिळवली तर आपल्याला तिचा अभिमान वाटतो. ‘तिच्यावर गर्व’ म्हटलं की हिंदीतला ‘पर’ आला, आणि तोच पुढे इंग्रजीत ‘प्राउड ऑन’ होऊन बसतो.

म्हणून मी वर्गात शेवटी शेवटी एक पद्धत वापरू लागलो. फळ्यावर तीन रकाने काढायचे. मराठी, हिंदी, इंग्रजी. मराठीत मुलीचा अभिमान, हिंदीत बेटी पर गर्व, इंग्रजीत प्राउड ऑफ. मराठीत कुत्र्याची भीती, हिंदीत कुत्ते से डर, इंग्रजीत अफ्रेड ऑफ. मराठीत चुकीची लाज, हिंदीत गलती पर शर्म, इंग्रजीत अशेम्ड ऑफ. मराठीत शेजाऱ्याचा हेवा, हिंदीत पड़ोसी से जलन, इंग्रजीत जेलस ऑफ किंवा एन्व्हियस ऑफ. मराठीत कामाचा कंटाळा, हिंदीत काम से ऊब, इंग्रजीत टायर्ड ऑफ. पाच ओळी झाल्या की मुलांच्याच लक्षात यायचं. मराठीत ‘चा-ची’, इंग्रजीत ‘ऑफ’. हिंदी रकान्यात मात्र कधी ‘से’, कधी ‘पर’. ‘अफ्रेड फ्रॉम’ आणि ‘प्राउड ऑन’ या दोन्ही चुका त्या मधल्या रकान्यातून येतात. यात हिंदीचा काही दोष नाही. तिची तिची रीत आहे. फक्त भाषांतर कुठून करायचं हे आपण ठरवायचं. मराठी आपल्या पोरांच्या इंग्रजीच्या आड येते असं म्हणून ज्यांनी घरात मराठी बंद केली, त्यांना मी हा फळा दाखवत असे.

पण खोटं बोलणार नाही. ‘चा-ची म्हणजे ऑफ’ हा नियम नाही, पहिली पायरी आहे. मराठीत काळजीही ‘ची’ असते, इंग्रजीत मात्र वरीड ‘अबाउट’. आश्चर्य ‘चं’, तिथे सरप्राइज्ड ‘ॲट’ किंवा ‘बाय’. आपण ‘तुमचा आभारी’ म्हणतो, इंग्रजीत ग्रेटफुल ‘टू’ माणसाला आणि ‘फॉर’ त्याने केलेल्या उपकाराबद्दल. आणि राग! आपला ‘वर’ आणि हिंदीचा ‘पर’ इथे एकमेकांच्या हातात हात घालून येतात आणि ‘अँग्री ऑन मी’ अशी जोडचूक करून जातात. ‘साहेब माझ्यावर खूश आहेत’चं ‘हॅपी ऑन मी’ही त्याच वाटेने येतं. भावनेच्या विशेषणापुढे ‘ऑन’ लिहायला हात शिवशिवला की थांबा. तो बहुतेक वेळा आपला ‘वर’ असतो.

यावरून ध्यानात ठेवायची पहिली गोष्ट अशी. अव्यय भावनेला लागत नाही, त्या विशिष्ट विशेषणाला लागतं. कंटाळा एकच, पण टायर्ड ‘ऑफ’, सिक ‘ऑफ’ आणि फेड अप ‘विथ’. बोअर्ड ‘विथ’ ही जुनी, मान्य रीत. हल्लीची तरुण मंडळी बोअर्ड ‘ऑफ’ही सर्रास म्हणतात, पण परीक्षेत ‘विथ’ लिहिलेलं बरं. म्हणून शब्द पाठ करताना विशेषण एकटं पाठ करू नका. लग्नपत्रिकेवर दोन नावं छापतात तसं जोडीनं पाठ करा. ‘प्राउड’ नाही, ‘प्राउड ऑफ’. ‘इंटरेस्टेड’ नाही, ‘इंटरेस्टेड इन’. या शेवटच्या ठिकाणी तर आपलं नशीब थोर. संगीतात रस, संगीत में रुचि, इंटरेस्टेड इन म्युझिक. तिन्ही भाषा एका सुरात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काही विशेषणांना एकच जोडीदार नसतो. तिथे चूक-बरोबरचा प्रश्न नसून अर्थाचा प्रश्न असतो. जोडीदार बदलला की वाक्य वेगळंच बोलू लागतं.

अँग्री घ्या. माणसावर राग असेल तर अँग्री ‘विथ’. गोष्टीबद्दल राग असेल तर अँग्री ‘अबाउट’. ‘ॲट’ दोन्हीकडे चालतं; माणसापुढे ते अमेरिकेत जास्त ऐकू येतं. वडील मुलाला लिहितात, “मला तुझा राग नाही, तू फोन केला नाहीस त्याचा राग आहे.” हे इंग्रजीत सांगायचं तर ‘नॉट अँग्री विथ यू’, पण ‘अँग्री अबाउट’ ती गोष्ट. केवढा दिलासा आहे त्या दोन अव्ययांमध्ये! माणूस बाजूला काढून चूक तेवढी समोर ठेवता येते.

हॅपी घ्या. हॅपी ‘अबाउट’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा आनंद. हॅपी ‘विथ’ म्हणजे समाधान, कामाबद्दल किंवा कामाच्या माणसाबद्दल. हॅपी ‘फॉर’ मात्र वेगळंच. भाचीला नोकरी लागली, त्यात आपला काही लाभ नाही. तरी तिच्या आनंदात आपला आनंद. ‘आय ॲम हॅपी फॉर यू.’ ‘आय ॲम हॅपी विथ यू’ लिहिलंत तर तुम्ही तिला शेरा दिलात, जसं साहेब कारकुनाला देतो. हे ‘फॉर’ आपल्याला फारसं सुचत नाही, कारण मराठीत त्यासाठी सुटसुटीत प्रत्यय नाही. पण भावना आहे. ती पोचवायची तर ‘फॉर’ शिकायला हवं.

पण ‘फॉर’ जपून वापरायचं, कारण सॉरीपुढे ते धारदार होतं. स्वतःच्या कृत्यापुढे ‘सॉरी फॉर’ आलं तर ती क्षमायाचना. उशीर झाल्याबद्दल ‘सॉरी फॉर बीइंग लेट’. एखाद्या घटनेबद्दल वाईट वाटलं तर ‘सॉरी अबाउट’. पण माणसापुढे आलं, ‘आय फील सॉरी फॉर यू’, तर त्यात कीव येते. परवापरवा एका गृहस्थांनी परगावच्या मित्राला, त्याच्या दुकानाला आग लागली तेव्हा, कळवळून लिहिलं, ‘आय ॲम सॉरी फॉर यू’. म्हणायचं होतं ‘फार वाईट झालं’. मित्राने वाचलं ‘तुझी कीव येते’. दुकान जळालेल्या माणसाला कीव नको असते. ‘सॉरी अबाउट द शॉप’ एवढंच पुरलं असतं.

आता एक उदाहरण जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भावनेच्या विशेषणापुढे ‘फ्रॉम’ जवळजवळ येत नाही असं मी मुलांना सांगत असे. पण टायर्डपुढे ते येतं, आणि कधी येतं ते बघा. टायर्ड ‘फ्रॉम’ म्हणजे शरीराचा थकवा. टायर्ड ‘ऑफ’ म्हणजे मनाचा वीट. अंथरुणाला खिळलेल्या आईचं दोन वर्षं सगळं करणारा मुलगा डॉक्टरांपुढे म्हणतो, मी थकलो आहे. ‘टायर्ड फ्रॉम’ म्हटलं तर त्याला एका रात्रीची झोप हवी आहे. ‘टायर्ड ऑफ’ म्हटलं तर त्याला आई नकोशी झाली आहे. त्याच्या मनात पहिलं असेल आणि तोंडून दुसरं गेलं तर? मराठीत आपण ‘आईचं करून थकलो’ आणि ‘आईचं करायला कंटाळलो’ यांत कधी गल्लत करत नाही. इंग्रजीत ती एका अक्षराइतक्या शब्दाने होऊ शकते.

अशीच दोन टोकं कन्सर्न्डची. ‘अबाउट’ आलं तर काळजी, ‘विथ’ आलं तर नुसता संबंध. ‘मी तुमच्या तब्येतीबद्दल चिंतेत आहे’ म्हणताना ‘विथ’ लिहिलं, तर तुमची तब्येत हा माझ्या खात्याचा विषय आहे असं होतं. आणि अँक्शसचं तर विचारूच नका. परीक्षेची धास्ती असेल तर ‘अबाउट’. पण ‘फॉर’ लावून पुढे बातमी, निकाल असं काही आणलं, की धास्तीची उत्सुकता होते.

हे सगळं कुठे सापडतं? मोठमोठ्या व्याकरणांपेक्षा साध्या शब्दकोशात. त्याचा एक इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक 1924 साली जपानात शिकवायला गेले. तिथे त्यांना कळलं की इंग्रजांसाठी केलेले कोश जपानी मुलांच्या कामाचे नाहीत. इंग्रज माणसाला शब्दाचा अर्थ हवा असतो. त्यापुढे कोणतं अव्यय येतं हे त्याला जन्मजात ठाऊक असतं. परक्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून हॉर्नबींनी दोन सहकाऱ्यांबरोबर शब्द वाक्यात कसा बसतो ते दाखवणारा कोश केला. तो 1942 साली जपानात छापला गेला आणि 1948 साली ऑक्सफर्डने काढला. आज आपल्या मुलांच्या दप्तरात ऑक्सफर्डची ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ डिक्शनरी असते, तिचा हा जन्म. थोडक्यात, आपल्यासारख्या बाहेरच्यांच्या चुकांतून ती जन्मली. तेव्हा अव्यय अडलं की लाज वाटू देऊ नका. कोशात विशेषण काढा, त्यापुढे जाड ठशात जोडीदार छापलेला असतो. अर्थ वाचून कोश मिटू नका, तेवढी एक ओळ आणखी वाचा.

आणि कोश हाताशी नसेल तर? एक पळवाट सांगतो. ‘दॅट’. आपलं ‘की’ किंवा ‘म्हणून’. वाक्य ‘दॅट’ने जोडलं की अव्यय लागतच नाही. सॉरी दॅट, हॅपी दॅट, अफ्रेड दॅट, प्राउड दॅट. शिवाय ‘दॅट’नंतर कारण पूर्ण सांगावं लागतं, म्हणजे गैरसमजाला जागा उरत नाही. ही पळवाट मी हजारो मुलांना शिकवली. आणि नेमकी गरज पडली तेव्हा मी स्वतः ती विसरलो. ती माझी दुसरी गोष्ट.

माझा मुलगा बंगळुरूला असतो. सूनबाई बंगाली. गेल्या वर्षी लग्नानंतरचा पहिला गणपती. गौरींसाठी तिने यावं म्हणून आमच्या घरात महिनाभर तयारी. हिने साडी आणून ठेवलेली, शेजारणींना सांगून झालेलं. आदल्या दिवशी निरोप आला, कचेरीतून रजा मिळाली नाही. वाईट वाटलं. तेव्हा तिला मराठी येत नव्हती, म्हणून मी मोबाइलवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. ‘वुई आर व्हेरी डिसअपॉइंटेड इन यू.’

त्यानंतर तिचा फोन नाही. गौरी गेल्या, अनंत चतुर्दशी झाली, पितृपक्ष लागला. अखेर मुलाचा फोन आला. “बाबा, तुम्ही तिला असं का लिहिलंत? ती दोन दिवस रडत होती.” मी म्हटलं, “अरे, निराशा झाली एवढंच लिहिलं.” फोन ठेवला. हिने विचारलं, “नक्की काय लिहिलंत?” मी वाचून दाखवलं. हिचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकपुरतं. पण ती म्हणाली, “अहो, ती आली नाही म्हणून निराशा झाली, असं लिहायचं ना. तुम्ही तर तीच निराशाजनक आहे असं लिहिलंत.”

हॉर्नबींनाही यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. डिसअपॉइंटेड ‘अबाउट’ किंवा ‘ॲट’ म्हणजे घडलेल्या गोष्टीने निराशा. डिसअपॉइंटेड ‘इन’ म्हणजे माणसावरचा विश्वासच ढळला. तू अशी असशील असं वाटलं नव्हतं. मोठ्यांनी धाकट्याला लिहावं अशा वाक्यांत याहून कडक वाक्य फार थोडी असतील. चौतीस वर्षं लाल शाईने दुसऱ्यांची अव्ययं दुरुस्त करणाऱ्या माणसाने ते नव्या सुनेला लिहिलं होतं.

मी त्याच रात्री फोन केला. आधी सॉरी म्हटलं, योग्य त्या अव्ययासकट. मग सांगितलं, की मला म्हणायचं होतं, ‘डिसअपॉइंटेड दॅट यू कुड नॉट कम’. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही तर इंग्रजीचे शिक्षक. मला वाटलं, तुम्ही जे लिहिलंत ते मोजून मापूनच लिहिलं असणार.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ज्याला भाषा येते असं जग मानतं, त्याच्या चुकीला समोरचा चूक मानत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

या वर्षी ती आली आहे. वर्षभरात तिने मराठी शिकायला घेतलं, पुस्तक आणून आणि हिच्याशी रोज फोनवर बोलून. परवा स्वयंपाकघरात मोदकांची उकड काढताना आमच्या वहिनींना तिने गेल्या वर्षीची हकिकत मराठीत सांगितली. म्हणाली, “तेव्हा मी बाबांना खूप रागावले होते.” सगळ्या बायका हसत सुटल्या. तिला म्हणायचं होतं ‘बाबांवर’. ‘ला’ आणि ‘वर’ची तीच ती गल्लत. कुणीतरी तिला फरक समजावून सांगितला, तशी तीही हसायला लागली आणि चेहरा लाल करून माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, “अगं, तुझं वाक्य अगदी बरोबर आहे. मला कुणीतरी रागवायलाच हवं होतं.”

त्या क्षणी मला सातवीतला तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला. चूक तशीच होती, दुसऱ्या भाषेतून आलेल्या माणसाची. पण त्या दिवशी मी त्याला हसलो होतो, आणि परवा आम्ही तिच्याबरोबर हसलो. ‘ला’ आणि ‘बरोबर’. तो मुलगा बोलायचा थांबला. ही मात्र त्यानंतर मोदक संपेपर्यंत मराठीतच बोलत होती, तीस चुका करत.

तेव्हा घरी जाऊन नातवंडांची अव्ययं जरूर सुधारा. आधी ती कुठून आली ते विचारा, मग सुधारा. आणि कुणाला इंग्रजीत दुखाचा किंवा रागाचा निरोप पाठवायचा असेल, तर पाठवण्याआधी विशेषणापुढचा तो छोटा शब्द एकदा पुन्हा वाचा.

बाहेर पोहे उरले असतील अशी आशा आहे. सूनबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. माझं मराठी कुठे चुकलं असेल तर त्या सांगतील. 

गणपती बाप्पा मोरया!